कार्पल टनेलचा धोका तुम्हाला कुठून आहे, हे कसं शोधायचं

हाताला मुंग्या येतात म्हणून माझ्याकडे येणारी माणसं खुर्चीत टेकायच्या आतच कारण सांगून मोकळी होतात. ‘कॉम्प्युटरमुळे झालंय’ किंवा ‘मोबाइलमुळे झालंय’. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि फक्त हात-मनगटाचे रुग्ण बघते, त्यामुळे हे वाक्य रोज कानावर पडतं. या समजुतीपायी लोक नवा कीबोर्ड घेतात, माऊस बदलतात, टेबलाची उंची कमी-जास्त करत बसतात, आणि रक्तातली साखर किंवा थायरॉइड मात्र वर्षानुवर्षं तपासत नाहीत. तोवर नस दबलेलीच राहते. मला याची मनापासून काळजी वाटते, कारण लवकर सापडलेलं कारण बऱ्याचदा दुरुस्त करता येतं आणि उशिरा सापडलेल्या नसेचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नसतं.

म्हणून धोका शोधायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी शरीर, मग काम, मग रात्र. तुम्हीही त्याच क्रमाने बघा. पण त्याआधी मनगटात नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची यादी पाठ करावी लागणार नाही.

तळहात जिथे सुरू होतो तिथे मनगटाच्या छोट्या हाडांची एक खोलगट कमान असते. तिच्यावर आडवा, जाड, फारसा न ताणला जाणारा अस्थिबंध असतो. या दोहोंमधला बोगदा म्हणजेच कार्पल टनेल, आणि तिथे नस दबून होणाऱ्या त्रासालाही तेच नाव पडलं आहे. या बोगद्यातून बोटं आणि अंगठा मिटणाऱ्या ९ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, जातात आणि त्यांच्या सोबतीने एक नस जाते, मीडियन नर्व्ह. बोगद्याची जागा वाढत नाही. कंडरांभोवतीचं आवरण सुजलं, पाणी साठलं, मनगट वाकलं, तरी सगळा दाब शेवटी नसेवर येतो, कारण आतल्या सगळ्यांत मऊ तीच. १९८१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोगद्यात बारीक नळी घालून हा दाब मोजला होता. मनगट सरळ असताना निरोगी माणसांत तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा निघाला आणि रुग्णांमध्ये ३२. मनगट पूर्ण खाली वाकवलं की रुग्णांचा दाब ९४ वर गेला आणि मागे वळवलं की ११० वर. नसेतून रक्त परत वाहून नेणाऱ्या बारीक शिरा २०-३० च्या आसपासच अडायला लागतात. हे आकडे मी रुग्णांना कागदावर लिहून देते, कारण ‘मनगट सरळ ठेवा’ असं नुसतं सांगून कुणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणजे धोके तीनच प्रकारचे. बोगद्यातली जागा कमी करणारे, बोगद्यातला दाब वाढवणारे, आणि नसेलाच आधीपासून कमकुवत करणारे. काही आजार एकाच वेळी दोन-तीन बाजूंनी मारा करतात. मधुमेह त्यातलाच.

आधी खात्री करा की तक्रार याच नसेची आहे

एका कोऱ्या कागदावर आपला हात ठेवून पेन्सिलने भोवती रेघ काढा. एकदा तळहाताच्या बाजूचं चित्र, एकदा मागच्या बाजूचं. आठवडाभर जेव्हा जेव्हा मुंग्या येतील किंवा बधिरपणा येईल, तेव्हा नेमका तेवढाच भाग त्या चित्रात रंगवा. आठवणीवर विसंबू नका. बहुतेक लोक ‘सगळा हात बधिर होतो’ म्हणतात आणि कागदावर मात्र तीन-साडेतीन बोटंच रंगलेली असतात.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू रंगली असेल तर संशय मीडियन नर्व्हवर. फक्त करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका असेल तर दुसरी नस, आणि ती बहुधा कोपरापाशी दबते. त्याचे धोके वेगळे, उपाय वेगळे. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मांसल उंचवटा आहे, त्याची कातडीसुद्धा बधिर वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या कातडीकडे जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच वेगळी होते आणि बोगद्याच्या बाहेरून जाते, त्यामुळे साध्या कार्पल टनेलमध्ये तिथली संवेदना शाबूत असते. मान दुखत असेल आणि मुंग्या दंडापासून खाली उतरत असतील तर मानेतल्या नसांचीही तपासणी व्हायला हवी. दोन्ही ठिकाणी त्रास असलेली माणसंही मी बघते.

मुंग्या आल्या म्हणजे कार्पल टनेलच, असंही समजू नका. स्वीडनमध्ये सर्वसामान्य लोकांची पाहणी करून १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या नसेच्या भागात दुखणं, मुंग्या किंवा बधिरपणा सांगणारे १०० पैकी सुमारे १४ जण होते. प्रत्यक्ष तपासणी आणि नसेची विद्युत चाचणी या दोन्हींत कार्पल टनेल पक्कं ठरलेले तीनसुद्धा नव्हते.

शरीर

सगळ्यात आधी साखर. मधुमेहात नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, नस स्वतःच नाजूक होते, आणि कंडरांभोवतीचं आवरण जाड, ताठर होत जातं. त्यामुळे निरोगी नस जो दाब सहन करून गेली असती, त्याच दाबाखाली ही नस तक्रार करू लागते. मधुमेह माहीत असेल तर गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी कधी केली ते आठवा. माहीत नसेल आणि दोन्ही हातांना मुंग्या येत असतील, तर ही तपासणी मागून घ्या. सकाळी बोट वाकवल्यावर अडकणं आणि मग खटकन सुटणं, हेही मधुमेही हातांत पुष्कळ दिसतं. ते आणि मुंग्या एकत्र असतील तर मी साखरेचा अहवाल बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरं थायरॉइड. ग्रंथी मंदावली की ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, तसंच बोगद्याच्या आतही होतं. थकवा, थंडी सहन न होणं, वजन वाढणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, पाळीत बिघाड, यातलं काही असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक, तपासून घ्या. साधी रक्ततपासणी आहे. मंद थायरॉइडवर उपचार सुरू झाल्यावर हाताचा त्रास हळूहळू कमी झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून या तपासणीचा मी आग्रह धरते.

वजनाबद्दल बोलताना मला सांभाळून बोलावं लागतं, कारण जाड माणसांना प्रत्येक दुखण्यासाठी वजनावरून ऐकून घ्यावं लागतं. इथे मात्र संबंध खरा आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३० च्या वर असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. वजन कमी होण्याची वाट बघत मुंग्या सहन करायच्या, असा याचा अर्थ नाही. मनगटाचे उपचार आजच सुरू करा.

सांधे सुजणारा संधिवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, कंडरांचं आवरणच सुजवतो. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली राहत असतील, बोटांच्या मुळाचे सांधे सुजत असतील तर आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या बोगद्यात एक प्रकारचं प्रथिन साचतं, त्यांनाही हा त्रास बराच होतो. स्तनाच्या कर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्यांमुळेही होऊ शकतो. असं असेल तर गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका. ज्यांनी ती सुरू केली त्यांच्याशी बोला.

एक गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने सांगते, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. वय साठीच्या पुढे, दोन्ही हातांना कार्पल टनेल, विशेषतः पुरुषाला, आणि मधुमेह, थायरॉइड, हाताचं जड काम यांपैकी काहीच नाही. अशा वेळी अमायलॉइड नावाचं प्रथिन साचण्याचा आजार मनात आणावा लागतो. हे प्रथिन मनगटात आधी त्रास देतं आणि हृदयाच्या स्नायूत साचल्याची लक्षणं कधीकधी काही वर्षांनी दिसतात. सोबत दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडरा आपोआप तुटली असेल, पाठीच्या मणक्यातली पोकळी अरुंद झाल्याचं निदान असेल, चालताना धाप लागत असेल किंवा पाय सुजत असतील तर हृदयरोगतज्ज्ञांना हे सगळं एकत्र सांगा. प्रत्येक तज्ज्ञाला आपापला तुकडा सांगितला तर चित्र जुळत नाही. हा आजार तसा विरळा आहे, घाबरून जाऊ नका. पण आता त्यावर औषधं आहेत आणि ती लवकर सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात.

गरोदरपणात, बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत, अंगात पाणी साठतं आणि बऱ्याच जणींना रात्री हात बधिर होतात. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत-महिन्यांत बहुतेकींचं बरं होतं. काहींचं रेंगाळतं, कारण बाळाचं डोकं धरताना मनगट वाकवून तासन्‌तास बसावं लागतं. उशी बाळाखाली घ्या, डोक्याचं वजन मनगटावर न घेता पुढच्या हातावर, म्हणजे कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागावर घ्या. रजोनिवृत्तीच्या आसपासही तक्रारी वाढतात. एकूणातच हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो आणि ४५ ते ६० या वयात सर्वाधिक दिसतो.

आता जे बदलता येत नाही ते. आई, मावशी, भाऊ यांपैकी कुणाला हा त्रास होता का, विचारा. तो घराण्यात चालत येतो. मनगटाजवळचं हाड पूर्वी मोडलं होतं का, तेही आठवा, कारण वेडंवाकडं जुळलेलं हाड बोगद्याचा आकार बदलतं. मनगटाची ठेवणही मोजता येते. कॅलिपर असेल तर उत्तम, नसेल तर दोन पुस्तकांमध्ये मनगट धरून मधलं अंतर पट्टीने मोजा. तळहाताजवळच्या सुरकुतीपाशी आधी जाडी मोजा, म्हणजे तळहाताकडून मागच्या बाजूपर्यंत, आणि मग रुंदी. जाडीला रुंदीने भागा. समजा जाडी ४.२ सेंटिमीटर आणि रुंदी ५.८, तर उत्तर ०.७२. उत्तर ०.७० च्या वर असेल तर मनगट चौकोनी धरतात आणि चौकोनी मनगटाला धोका थोडा जास्त असतो. हे मोजायला मी सांगते ते घाबरवण्यासाठी नव्हे. ज्याचं मनगट असं आहे त्याने पुढच्या दोन भागांकडे जास्त बारकाईने बघावं, एवढ्यासाठी.

काम

कॉम्प्युटरपासूनच सुरुवात करते. २००३ साली डेन्मार्कमधल्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांचा वर्षभर मागोवा घेतलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कीबोर्डचा दोष सिद्ध झाला नाही. आठवड्याला २० तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांमध्ये मात्र तक्रारी वाढलेल्या दिसल्या. माऊसवर मनगट मागे वळलेलं राहतं आणि तळहाताचं बूड टेबलाच्या कडेवर दाबलं जातं. तेव्हा माऊस शरीराजवळ घ्या, पुढचा हात टेबलावर टेकवा, मनगटाचा खालचा भाग कडेवर टेकवू नका, आणि मधूनमधून हात बदला. इतकं पुरे.

खरा धोका जिथे आहे तिथे लोकांचं लक्ष फार कमी जातं. जोर लावून पकडणं, तेही पुन्हापुन्हा, तेही मनगट वाकवून. हे तिन्ही एकत्र आलं की धोका झपाट्याने वाढतो. मांस कापण्याचे कारखाने, जुळणीची कामं, शिवणकाम, सुतारकाम, हाताने दूध काढणं, दातांची स्वच्छता करणारे दंतवैद्य, सफाई कामगार. चौथी गोष्ट कंपनं. ड्रिल, ग्राइंडर, साखळी करवत, रस्ता फोडणारं यंत्र ही कंपनं थेट हातात उतरवतात, आणि यंत्र हलू नये म्हणून माणूस मूठ आणखी घट्ट करतो. त्यात थंडी असेल तर पकड अजून आवळते.

कपडे बेतणाऱ्या एका बाईंना मी त्यांची रोजची कात्री आणि कापड घेऊनच यायला सांगितलं होतं. त्यांचं काम बघितल्यावर सगळं समोर आलं. कात्रीची धार गेलेली होती, त्यामुळे प्रत्येक कापाला अंगठ्याच्या मुळाचा स्नायू टरारून वर येत होता. जाड कापडाचे चार थर त्या एकदम कापत होत्या. टेबल उंच, म्हणून कोपर वर आणि मनगट खाली वाकलेलं. कात्रीची कडी तळहातात नेमकी बोगद्याच्या तोंडाशी रुतत होती, तिथे कातडीला लाल वळ होता. आम्ही कात्रीला धार लावून घेतली, थर दोनवर आणले, उभं राहायला पाटाएवढी फळी ठेवली आणि कडीला मऊ पट्टी गुंडाळली. रात्रीचं उठणं कमी झालं. मुंग्या मात्र पूर्ण गेल्या त्या नंतर, रक्तात टीएसएच वाढलेलं निघालं आणि त्याचे उपचार सुरू झाले तेव्हा. कात्री आणि थायरॉइड दोन्ही मिळून त्या नसेवर बसले होते.

तुम्हीही तुमचं काम असंच बघा. कुणाला तरी बाजूने दहा मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा, चेहरा नको, फक्त हात. मग आवाज बंद करून बघा. मनगट किती वेळा वाकतं? बोटांची नखं पांढरी पडण्याइतका जोर कधी लागतो? चिमटीत धरून काय ओढलं किंवा दाबलं जातं? तळहाताचं बूड हातोडीसारखं वापरता का? सापडलेल्या जागेवर उपाय शोधा. धारदार हत्यार कमी जोर मागतं. जाड मुठीला बारीक मुठीपेक्षा कमी आवळावं लागतं. स्क्रू ड्रायव्हर हाताने फिरवण्याऐवजी यंत्राचा वापरा, पण तो सैल हाताने धरा. हातमोजे मापाचेच हवेत. ढगळ मोज्यात वस्तू निसटू नये म्हणून पकड उलट वाढते. आणि एकच हालचाल सलग तासभर करण्याऐवजी मध्ये वेगळं काम घ्या. मालक परवानगी देत नसेल तर व्हिडिओ त्यांना दाखवा. नुसत्या तक्रारीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं लवकर पटतं.

हौसेचीही कामं मोजा. विणकाम, मनगटावर शरीराचा भार घेणारी योगासनं, सायकलच्या दांड्यावर रेलून केलेला लांबचा प्रवास, वजनं उचलणं. कुबड्या किंवा हाताने ढकलायची चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना हा धोका रोजचाच असतो. त्यांच्यासाठी मुठीला मऊ आवरण आणि मापात बसवलेली खुर्ची ही गरजेची गोष्ट आहे.

रात्र

मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, हे या आजाराचं फार ओळखीचं लक्षण. झोपेत मनगट आपण नकळत मुडपतो, गालाखाली किंवा उशीखाली घालतो. काही जण मूठ आवळून झोपतात. घट्ट मूठ केली की तळहातातले छोटे स्नायू बोगद्याच्या आत ओढले जातात आणि गर्दी वाढते.

उपाय म्हणजे रात्री मनगटाचा पट्टा, स्प्लिंट. निदान सहा आठवडे रोज. इथे एक बारीकशी गोष्ट अडते. तयार मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांत जी धातूची पट्टी असते ती मनगट २०-३० अंश मागे वळवून ठेवते, आणि आपल्याला हवं आहे सरळ मनगट. पट्टी खिशातून ओढून बाहेर काढा, गुडघ्यावर दाबून हळूहळू सपाट करा, परत घाला. मग हात टेबलावर बाजूने ठेवून बघा, पुढचा हात आणि मधल्या बोटाचं हाड एका रेषेत दिसायला हवं. तळहाताच्या आडव्या रेषेपुढे पट्टा येत नाही ना, बोटं पूर्ण मिटता येतात ना, तेही बघा. सकाळी कातडीवर खोल वळ दिसले तर पट्टे सैल करा.

ब६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. कार्पल टनेलवर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्याच गोळ्या नसांना इजा करतात.

थांबायचं नाही अशा वेळा

बधिरपणा येऊन-जाऊन न राहता कायमचा झाला, शर्टाचं बटण लावता येईना, हातातून वस्तू पडू लागल्या, किंवा दोन्ही तळहात शेजारी ठेवल्यावर एका अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा दुसऱ्यापेक्षा बसका दिसला, तर धोके शोधत बसू नका. हाताच्या शल्यचिकित्सकांना किंवा न्यूरोलॉजिस्टना दाखवा. मनगटाचं हाड नुकतंच मोडलं असेल आणि काही तासांत बोटांचा बधिरपणा आणि वेदना वाढत चालली असेल, तर लगेच रुग्णालय गाठा, मध्यरात्र असली तरी. तिथे नसेवरचा दाब ताबडतोब काढावा लागू शकतो.

एरवी डॉक्टरांकडे जाताना रंगवलेलं हाताचं चित्र, साखर आणि थायरॉइडचे अहवाल, चालू औषधांची नावं, मनगटाच्या जुन्या दुखापती, घरात कुणाला हा त्रास होता ते, आणि कामाचा तो व्हिडिओ सोबत न्या. दोन्ही हातांना त्रास असेल तर कुठल्या हाताला आधी सुरू झाला तेही लिहा. गरोदर असाल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण औषधं त्यावरून ठरतात.